दक्षिणेकडे वात

ओगल्यांच्या घराचं दार उघडलं आणि इरावती टिपणीसला सगळ्यात आधी तिळाच्या तेलाचा वास आला. फोडणीचा नव्हे, दिव्याचा. ती कॉव्हेंट्रीच्या पोलिसांत डिटेक्टिव्ह सार्जंट होती, परक्या घरात शिरताना आधी माणसांचे हात बघायचे हे तिला शिकवलेलं होतं. पण मराठी घरात नाक आधी पोचतं, त्याला ट्रेनिंग तरी काय करणार. बूट काढता काढता तिने पुढच्या खोलीत डोकावलं आणि दुसरा बूट तिच्या हातातच राहिला.

सोफा भिंतीशी सरकवला होता. कार्पेटवर स्टीलचं मोठं ताट, ताटात तांदळाचं पीठ हाताने सपाट पसरलेलं, मधोमध पितळेचा लहान दिवा आणि त्याची एकुलती एक वात दक्षिणेकडे वळवलेली. वर ब्रेडची वेताची टोपली कलती करून झाकली होती. छतावरच्या स्मोक अलार्मला कुणीतरी शॉवर कॅप घातली होती. एरवी इरावतीला हसू आलं असतं. पण दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा मराठी घरात एकाच कारणाने लागतो, माणूस गेल्यावर. मग टोपली उचलून बघतात, गेलेल्याची पावलं पिठावर उमटली का. आणि डॉक्टर शशी ओगले गेले असं अजून कुणीही म्हटलेलं नव्हतं. ते हरवले होते.

परवा सकाळी ते घराबाहेर पडले, ते परतलेच नाहीत. वय अठ्ठ्याहत्तर, आणि दोन वर्षांपासून आठवण एकेक करून निसटत चाललेली. आज दुपारी त्यांचा जाड ओव्हरकोट कालव्याच्या काठावर सापडला. मुलाने, साकेतने, फोटो बघून तो ओळखला. आता पाण्यात पाणबुडे उतरणार होते आणि जमिनीवरचा शोध आवरता घेणार होते. हे घरच्यांना सांगायचं काम साहेबांनी इरावतीकडे दिलं, कारण ती 'त्यांच्यातली' होती. असली कामं कायम तिच्याच गळ्यात पडत.

तिने दिव्याकडे पुन्हा पाहिलं, नीट, कोपरान् कोपरा. दिव्याजवळ कुणीच नव्हतं.

इरावतीला गेलेली माणसं दिसत. लहानपणापासून दिसत, आणि त्यात तिला कधी काही थोर वाटलं नाही. इथल्याच हॉस्पिटलात जन्मभर नर्स असलेल्या तिच्या आईने एकदाच बजावलं होतं, दिसलं तर दिसलं, बोलायचं नाही. इरावतीने ते पाळलं. ब्रॉडगेटच्या चौकात युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलेल्या बाया अजून बसची वाट बघत उभ्या असतात, त्यांना ती वळसा घालून जाई, आणि सहकाऱ्यांना वाटे की हिला फुटपाथवर सरळ चालता येत नाही. त्या बायांसाठी कुणी दिवा लावला नव्हता, म्हणून त्या होत्या तिथेच राहिल्या. ज्याच्यासाठी दक्षिणेचा दिवा लागतो तो मात्र येतोच. नऊ वर्षांची असताना तिने शेजारच्या बर्वेकाकांना असं येऊन बसलेलं पाहिलं होतं. दहा दिवस ते दिव्याजवळ मांडी घालून होते, चहा आत्ता येईल मग येईल अशा चेहऱ्याने. तेव्हापासून जितके दिवे पाहिले, त्यातल्या एकाजवळची जागाही रिकामी नव्हती.

ही रिकामी होती. म्हणजे डॉक्टर ओगले जिवंत होते.

तिचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. खिडकीबाहेर डिसेंबरचं ऊन उतरायला लागलं होतं. मागचे दोन दिवस ढगाळ आणि त्यामानाने उबदार गेले होते. आज आभाळ स्वच्छ झालं होतं, आणि या देशात स्वच्छ आभाळाचा अर्थ एकच, रात्री सगळं गोठणार. कोट नसलेला म्हातारा माणूस आजची रात्र काढणार नव्हता. आणि त्याला शोधणारी माणसं पाण्यात बघत होती.

"ये गं," अलकाकाकू म्हणाल्या. डॉक्टरांची बायको. पांढरे केस घट्ट बांधलेले, अंगात साडीवर कार्डिगन, कार्डिगनच्या खिशात काड्यापेटी. "आशाची मुलगी ना तू? आईसारखीच उभी राहतेस, पाय आवळून."

"काकू, मला एक गोष्ट विचारायचा आहे." इरावतीचं मराठी पोलीस स्टेशनात उत्तम होतं आणि काकूंसारख्या बायांपुढे त्याची भंबेरी उडे. "हा दिवा का लावली तुम्ही? अजून काहीच कन्फर्म नाहीये."

"आय टोल्ड हर," साकेत दारातून म्हणाला. चाळिशीचा, ऑफिसचे कपडे दोन दिवस बदललेले नसावेत. "आई, गुरुजी पण म्हणाले ना फोनवर, बॉडी मिळाल्याशिवाय काही करायचं नसतं."

"गुरुजी पुण्यात बसून सांगतात. त्यांनी इथला काळोख बघितलाय का?" काकू ताटाशेजारी बसल्या आणि त्यांनी टोपली उगाच जराशी हलवली. "दोन वर्षं झाली, इरावती. ह्यांना बेडरूममधून बाथरूमची वाट सापडत नव्हती. जिन्यात उभे राहायचे. मला 'सिस्टर' म्हणायचे, नर्स समजून. मी दिवा लावून ठेवायचे, मग उजेड बघून यायचे बरोबर. आता एवढ्या लांब एकटे गेलेत. तिकडे तरी चुकू नयेत, म्हणून लावलाय."

इरावतीला त्या बाईची दया आली आणि त्याच वेळी तिला ओरडून सांगावंसं वाटलं की काकू, ते आहेत अजून. आईचा सल्ला आड आला. 'एक फोन करते' असं पुटपुटत ती हॉलवेमध्ये गेली.

तिच्या साहेबांचं नाव हॉलिस. माणूस सरळ होता, कामाला चोख होता, आणि जे हातात धरता येत नाही त्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. इरावतीने त्याला सांगितलं की जमिनीवरचा शोध थांबवू नका, डॉक्टर पाण्यात नाहीत असं मला वाटतं. का वाटतं, असं त्याने विचारलं. नुसतं वाटतं, ती म्हणाली. हॉलिसने शांतपणे सांगितलं की घर, देऊळ, डॉक्टरांच्या जुन्या हॉस्पिटलची जागा, दुकानं, बसस्टॉप सगळं दोनदा पाहून झालंय. माणसं कमी आहेत. काही ठोस मिळालं तर लगेच फोन कर. त्याचं काही चूक नव्हतं, म्हणून इरावतीला जास्तच राग आला.

ती परत खोलीत आली आणि दारातच थिजली.

टोपलीच्या कडेखाली, पिठावर, पायाची बोटं उमटली होती.

काकूंचं लक्ष नव्हतं. त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. साकेत फोनमध्ये डोकं घालून बसला होता. इरावती एकटीच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत बोटांमागे चवडा उमटला, मग टाच. पिठाचा कणही उडाला नाही. मग त्या पावलावर पाय दिसायला लागला. म्हाताऱ्या माणसाचा, निळ्या शिरांचा पाय, अंगठ्याचं नख अर्धं. दुसऱ्या पायात राखाडी मोजा होता. घोटे, पोटऱ्या, चिखलाने काळी पडलेली पँट. गुडघ्यांवर अजून काहीच नव्हतं, मागची भिंत आणि तिच्यावरचं रेडिएटर स्पष्ट दिसत होतं.

इरावतीला भीती वाटली. गेलेल्यांची तिला भीती वाटत नसे, पण ती माणसं कायम पूर्ण येत. अंगावर कपडे, डोळ्यांवर चष्मा, सगळं जागच्या जागी. अर्धा माणूस तिने कधी पाहिला नव्हता, आणि जिवंत माणसासाठी लावलेला दिवाही कधी पाहिला नव्हता. काय चाललंय ते तिला हळूहळू कळलं. डॉक्टर कुठेतरी पडले होते, थकले होते, आणि त्यांना लांबून उजेड दिसत होता. जिन्यात उभे असताना दिसायचा तसाच. ते बायकोच्या सवयीच्या उजेडाकडे यायला निघाले होते.

दिवा ताबडतोब शांत करायला हवा होता. तो जळत राहिला तर डॉक्टर इथे पोचणार, आणि इथे पोचले म्हणजे तिकडे संपले.

ती पुढे झाली, वाकली, आणि तिथेच अडखळली. दिवा गेला की हेही दिसायचं बंद होणार. मग कुठे शोधायचं? अख्खी कॉव्हेंट्री पडली होती, आणि अंधार पडत होता. या माणसाच्या अंगावर तो जिथे होता तिथली काहीतरी खूण असणारच. थोडं अजून येऊ द्यायचं, बघून घ्यायचं, आणि मग. थोडं म्हणजे किती, हे सांगणारं कुणी नव्हतं. इरावती ताटासमोर गुडघ्यांवर बसली.

"काय बघतेस?" काकूंनी डोळे उघडले.

"एक मिनिट, काकू."

कमरेपर्यंत आले, मग खांद्यांपर्यंत. पांढरा लांब कोट, गुडघ्याखाली येणारा. डॉक्टरांचा कोट, इरावतीच्या मनात आलं, म्हणजे हॉस्पिटल. ती उठायच्या बेतात होती. पण ते हॉस्पिटल पाडून तिथे फ्लॅट झाले होते आणि तिथे लोक दोनदा जाऊन आले होते. ती परत टेकली. कोटाच्या बाहीवर गवताची हिरवी काडी चिकटली होती. कोपराला तेलकट काळा डाग, यंत्राच्या ग्रीसचा. कोटाच्या खांद्यावर गाठ मारून दुसरं काहीतरी बांधलेलं, लोकरीचं. आणि हात. हात नुसते लोंबत नव्हते, ते काहीतरी करत होते.

डाव्या मुठीत लहान खडे होते. डॉक्टर फार मन लावून त्यातला एक खडा उचलून उजव्या हातात टाकत होते. मग थांबत. मग दुसरा.

"काकू," इरावती म्हणाली. आईने घातलेलं कुलूप तोडायची वेळ आली होती. "काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा नख अर्धं आहे का?"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "गवत कापायच्या यंत्राखाली आला होता. तुला कुणी सांगितलं?"

"राखाडी मोजे घातले होते?"

"परवा सकाळी मीच घातले पायात. साकेतलासुद्धा माहीत नाही." काकूंनी ताटाकडे पाहिलं, पिठावरचं पाऊल त्यांना दिसलं, आणि त्यांचा हात तोंडाकडे गेला. "आलेत का गं?"

"नाही. पूर्ण नाही. काकू, ते जिवंत आहेत, आय प्रॉमिस. पण ते इकडे येतायत, दिव्यामुळे. ते हातात खडे घेऊन मोजतायत. या हातातून त्या हातात. आणि पांढरा कोट घातलाय, खांद्यावर स्वेटरसारखा काहीतरी बांधलाय. मला कळत नाहीये हे काय आहे."

"इनफ," साकेत उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "यू शुड लीव्ह. माझ्या आईला आत्ता हे ऐकवायची काय गरज आहे? तुम्ही पोलीस आहात की—"

"साकेत, बस खाली," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण साकेत बसला. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी त्यांचा चेहरा एकदम जागा झाला होता. "खडे किती आहेत? सहा?"

"असतील."

"अंपायर," काकू म्हणाल्या. "एका चेंडूला एक खडा. सहा झाले की पुन्हा पहिल्यापासून. दर रविवारी उन्हाळाभर जायचे हे, त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानावर. बोलरचे स्वेटर असेच खांद्यावर बांधून घ्यायचे. मी सँडविचेस करून द्यायचे, ती कुणाला तरी वाटून रिकामा डबा परत. पंधरा वर्षं झाली बंद करून, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. साकेत, वरच्या कपाटात बघ. ह्यांचा अंपायरचा कोट आहे का बघ."

साकेतने दोघींकडे पाहिलं, मग जिना चढला. वरून कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात रिकामा हँगर होता.

"ओव्हरकोटच्या आत घालून गेले असणार," तो म्हणाला. "आणि चालून गरम झालं म्हणून वाटेत वरचा कोट काढला. कालव्याची वाट त्या मैदानाच्या मागूनच जाते. आपण तिथे बघितलंच नाही. आई, वी नेव्हर लुक्ड."

हँगर हातात धरता येत होता. इरावतीने हॉलिसला फोन लावला आणि या वेळी तिच्याकडे सांगायला वाक्यं होती: घरातून अंपायरचा कोट गायब, मैदान कालव्याला लागून, ग्राउंड्समनची शेड, तिथे रोलर आणि ग्रीस असणार. ग्रीसचं कुठून कळलं हे विचारायला हॉलिसला वेळ नव्हता. गाडी पाठवतो म्हणाला. सगळ्यात जवळची गाडीही शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि रिंग रोडवर या वेळेला मुंगीच्या पावलाने ट्रॅफिक सरकत असतो.

तिने वळून पाहिलं. डॉक्टर गळ्यापर्यंत आले होते. डाव्या मुठीत आता दोनच खडे उरले होते. ओव्हर संपली की ते पोचणार.

इरावतीने टोपली बाजूला सारली, दिव्यावर वाकली आणि फुंकर मारली. ज्योत आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली. तिने पुन्हा फुंकलं, जोरात. पिठाचा धुरळा उडाला, ज्योत हलली नाही. तिने चिमटीत वात धरली, बोटं भाजली, हात मागे घेतला, आणि ज्योत होती तिथेच होती.

"तुझ्याने नाही व्हायचं ते," काकू हळू म्हणाल्या. "मी लावलाय."

"मग तुम्ही शांत करा. प्लीज. आत्ता."

काकूंनी हात पुढे केला. बोटं दिव्याच्या काठाशी आली आणि थांबली.

"माझ्याकडे बघतायत का?"

इरावतीला खोटं बोलता आलं असतं. वेळ नव्हता, नाही म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. तिने मान वर केली. चेहरा आला होता. थंडीने काळवंडलेले ओठ, दोन दिवसांची दाढी, आणि डोळे अलकाकाकूंवर. ते डोळे हरवलेल्या माणसाचे नव्हते. संसार केलेल्या बाईकडे नवरा बघतो तसे, थोडे दमलेले, थोडे वैतागलेले, ओळखीने भरलेले.

"हो," ती म्हणाली. "काकू, त्यांनी ओळखलंय तुम्हाला. सिस्टर म्हणून नाही. तुम्हाला."

अलकाकाकूंच्या तोंडून हुंदका फुटला. दोन वर्षं त्या ज्याची वाट बघत होत्या तो नवरा त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभा होता, आणि त्यांना तो दिसतही नव्हता. हात मागे घेतला असता तर तो आला असता, कायमचा, दहा दिवस त्यांच्याजवळ बसला असता. हात पुढे केला तर जो परत मिळेल तो त्यांना परकी बाई समजणार होता, त्याला भरवायचं, पुसायचं, जिन्यातून हाताला धरून आणायचं, आणि बदल्यात एकदाही नाव ऐकायला मिळायचं नाही. इरावतीला हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तिला वाटलं, ही बाई हात मागे घेईल, आणि मी तिला दोष देऊ शकणार नाही.

एक खडा उजव्या हातात पडला. उरला एक. डॉक्टरांनी तो चिमटीत धरला.

"आई," साकेत म्हणाला. त्याला काही दिसत नव्हतं आणि तरी तो ताटासमोर येऊन बसला होता. "बाबा तिकडे एकटे आहेत."

"माहितीये मला," काकू म्हणाल्या. मग त्या समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून, रोजच्या आवाजात, म्हणाल्या, "अहो, इतक्यात नका येऊ. थांबा तिथेच. साकेत येतोय आणायला." आणि त्यांनी वात मागे ओढून तेलात बुडवली.

खोलीत एकदम संध्याकाळ झाली. धुराची रेघ वर गेली आणि शॉवर कॅपला जाऊन लागली. ताटासमोर कुणी नव्हतं. पिठावर एकच पाऊल होतं.

इरावतीने गाडी हाकली ती जशी हाकायला तिला पगार मिळत होता तशी, निळे दिवे लावून, आणि साकेत शेजारी बसून वळणं दाखवत होता. कारखाना पाडून तिथे गोदामं झाली होती, मागचं मैदान मात्र कुणाच्याही उपयोगाचं नसल्यामुळे तसंच राहिलं होतं. गवत गुडघाभर, त्यावर दव आत्ताच पांढरं पडायला लागलेलं. पॅव्हेलियनच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. पलीकडे पत्र्याची शेड, तिचं दार फुटभर उघडं. दाराजवळ एक राखाडी मोजा पडला होता.

टॉर्चच्या उजेडात आधी रोलर दिसला, गंजलेला, अवाढव्य. त्याच्यामागे खेळपट्टी झाकायच्या ताडपत्र्यांचा ढीग, आणि ढिगाखाली पांढरी बाही. साकेत ताडपत्र्या ओढून काढायला लागला, तोंडाने नुसतं बाबा बाबा म्हणत. डॉक्टर कुशीवर पडले होते, गुडघे पोटाशी. इरावतीने त्यांच्या मानेला बोटं लावली. काही लागेना. तिने बोटं हलवली, दाबली, आणि शेडच्या कोपऱ्यांकडे तिला बघवेना, कारण ते तिथे उभे असते तर तिला दिसले असते. मग तिच्या बोटांखाली काहीतरी हललं. फार हळू, फार अंतराने, पण हललं.

"आहेत," ती म्हणाली. "साकेत, आहेत."

हॉस्पिटलात त्यांना उबदार पांघरुणांत गुंडाळलं, सुया टोचल्या, नळ्या लावल्या. हॉलिस येऊन गेला. जाताना तो इरावतीला म्हणाला की हँगरचं काम छान केलंस, आणि तिच्या भाजलेल्या बोटांकडे बघून काही विचारणार होता, पण त्याने विचारलं नाही. या माणसाबद्दल आपला ग्रह थोडा बदलावा लागेल असं इरावतीला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर शुद्धीवर आले आणि वॉर्डातल्या नर्सने सांगितलं, तब्येत ठीक आहे, पण डावी मूठ काही केल्या उघडू देत नाहीत, तेवढं बघा.

अलकाकाकू खाटेजवळ बसल्या होत्या. इरावती पायथ्याशी उभी राहिली, पाय आवळून. डॉक्टर इकडेतिकडे बघत होते, छताकडे, खिडकीकडे, मग काकूंकडे. डोळे नम्र होते आणि रिकामे होते.

"सिस्टर," ते म्हणाले.

"बोला."

"तिकडे मघाशी दिवा लागला होता. मी निघालो होतो. कुणीतरी बंद केला."

"मी केला," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी थोडा विचार केला. रागावले नाहीत. मग त्यांनी पांघरुणातून हात काढला, मूठ काकूंच्या तळहातावर ठेवली आणि उघडली. आत एक खडा होता, वाटाण्याएवढा, मुठीच्या उबेने गरम.

"हा टाकायचा राहिलाय," ते म्हणाले. "सांभाळून ठेवा, सिस्टर. मी मागेन."

काकूंनी मूठ मिटली. डॉक्टरांचे डोळे लागले. इरावतीने रुमाल पुढे केला तर काकूंनी मानेनेच नको म्हटलं.

"इरावती," त्या शेवटी म्हणाल्या, "काल त्यांनी ओळखलं होतं ना मला? माझं मन राखायला नव्हतीस ना सांगत?"

"नाही, काकू. खरंच ओळखलं होतं."

"मग झालं." काकूंनी खडा कार्डिगनच्या खिशात टाकला, काड्यापेटीशेजारी, आणि वरून खिसा दोनदा चाचपला. "वेळ आली की मीच लावीन दिवा. तेव्हा ओळखतील. तोवर सिस्टर तर सिस्टर."

त्या उठल्या आणि डॉक्टरांच्या पायांवरचं पांघरूण खाली ओढून नीट करायला लागल्या.